संगणकशिक्षण आणि शाश्वत विकास

प्रस्तावना

संगणक हे यंत्र आपल्याला स्वच्छ वाटते. त्यातून धूर निघत नाही, सांडपाणी वाहत नाही, गिरणीसारखा आवाजही होत नाही. म्हणूनच संगणकाचा पर्यावरणाशी काही संबंध असेल, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु प्रत्येक यंत्र कशापासून तरी घडलेले असते, कोणत्या तरी शक्तीवर चालते आणि एके दिवशी निकामी होऊन कोठे तरी जाऊन पडते. संगणकही या नियमाला अपवाद नाही.

आज लक्षावधी तरुण-तरुणी संगणकाचे शिक्षण घेत आहेत. कोणी दुरुस्ती शिकतात, कोणी आज्ञावली लिहिण्यास शिकतात, तर कोणी कार्यालयीन कामापुरते ज्ञान मिळवतात. या शिक्षणातच पर्यावरणाचा विचार कसा गुंफता येईल, याची माहिती आपण या पाठात करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• शाश्वत विकास म्हणजे काय, हे स्वतःच्या शब्दांत सांगणे.
• संगणकाच्या निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंतचे टप्पे स्पष्ट करणे.
• विजेची आणि साधनांची बचत आकडेमोड करून दाखवणे.
• ई-कचऱ्याचे धोके आणि त्यासंबंधीची आपली जबाबदारी ओळखणे.

मूलपाठ

१. आनेकल : दोन चित्रांचा तालुका

बेंगळूरू शहराच्या दक्षिणेस, तमिळनाडूच्या सीमेला लागून आनेकल हा तालुका आहे. कन्नड भाषेत ‘आने’ म्हणजे हत्ती आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड. याच भागात बन्नेरघट्टाचे जंगल आहे आणि तेथे आजही हत्तींचा वावर आहे. आनेकल गाव रेशमी विणकामासाठी ओळखले जाते. या प्रदेशात बारमाही मोठी नदी नसल्यामुळे पूर्वजांनी पावसाचे पाणी अडवण्यासाठी तळी बांधली. एक तळे भरले की त्याचे पाणी पाटाने खालच्या तळ्यात जावे, अशी ही साखळी होती. कोणाच्या शेताला किती पाणी सोडायचे, हे पाहणाऱ्या गावकामगाराला ‘नीरगंटी’ म्हणत. पाण्याचा हिशेब ठेवणे हे त्याचे काम होते.

दुसरे चित्र याच परिसरातील नव्या उद्योगांचे आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटक राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने होसूर रस्त्यालगत सुमारे ३३२ एकर जमिनीवर ‘इलेक्ट्रॉनिक सिटी’ वसवण्यास प्रारंभ केला. महामंडळाचे पहिले अध्यक्ष रा. कृ. बाळिगा यांची ही कल्पना होती. पुढे तेथे माहिती तंत्रज्ञानाच्या अनेक कंपन्या आल्या. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसचे मुख्यालय आज तेथेच आहे. १९४५ मध्ये जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेली विप्रो ही कंपनीही पुढे संगणक क्षेत्रात उतरली आणि जवळच्या सर्जापूर रस्त्यावर तिचे मुख्यालय उभे राहिले. ज्यांची मुळे महाराष्ट्राच्या मातीत होती, असे दोन उद्योग या भूमीत वाढले.

या वाढीने हजारो कुटुंबांना रोजगार दिला, परंतु तिची किंमतही मोजावी लागली. नळाचे पाणी आणि विंधनविहिरी आल्यावर तळ्यांची निगा मागे पडली. काही तळी बुजली, काहींत सांडपाणी शिरले. जमिनीत जितके पाणी मुरते त्याहून अधिक उपसले गेल्यामुळे विंधनविहिरी खोल खोल जात राहिल्या. बेंगळूरू शहराला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणावे लागते आणि ते सुमारे अर्धा किलोमीटर उंच चढवावे लागते. म्हणजे तेथे पाण्याच्या प्रत्येक घागरीत वीजही खर्ची पडलेली असते. २०२४ च्या उन्हाळ्यात या शहराला तीव्र पाणीटंचाईने ग्रासले, तेव्हा संगणक उद्योगालाही तिची झळ लागली.

नीरगंटी जो हिशेब ठेवत असे, तो हिशेब नव्या व्यवसायात कोण ठेवणार? संगणकशिक्षणात शाश्वत विकासाला स्थान का हवे, याचे उत्तर या प्रश्नात दडलेले आहे.

२. शाश्वत विकास म्हणजे काय?

१९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुन्टलँड आयोगाने आपला अहवाल सादर केला. आजच्या पिढीने आपल्या गरजा अशा रीतीने भागवाव्यात की पुढील पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवणे अशक्य होऊ नये, असा शाश्वत विकासाचा अर्थ त्या अहवालाने मांडला. शेतकऱ्याला हा विचार नवा नाही. घरात कितीही अडचण असली तरी तो बियाणे खाऊन टाकत नाही. पुढल्या पेरणीसाठी ते राखून ठेवतो.

भारतात पर्यावरणशिक्षणाला न्यायालयाच्या निर्णयामुळे मोठी चालना मिळाली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय अनिवार्यपणे शिकवावा, असे निर्देश दिले. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा एक समान अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एरक भरुचा यांनी लिहिले. कला शाखेचा विद्यार्थी असो वा संगणकशास्त्राचा, सर्वांना हा विषय शिकणे आवश्यक ठरले.

हे पाऊल महत्त्वाचे होते. तथापि, त्यातून एक अडचणही पुढे आली. पर्यावरण हा स्वतंत्र विषय झाला की, परीक्षा झाल्यावर तो बाजूला पडण्याची शक्यता असते. विद्यार्थी सकाळी पर्यावरणाच्या तासाला वीजबचतीवर उत्तर लिहितो आणि दुपारी संगणक चालू ठेवून घरी जातो. कारण पर्यावरणाचे पुस्तक आणि संगणकाचे पुस्तक यांची त्याच्या मनात गाठच पडलेली नसते. म्हणून संगणकाच्या प्रत्येक पाठातच हा विचार यावा, असे मत जगभर मांडले जाऊ लागले. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या दोन प्रमुख संघटनांनी २०१३ मध्ये पदवी शिक्षणासाठी जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात शाश्वतता हा घटक संगणकशास्त्राचा भाग म्हणून समाविष्ट करण्यात आला. भारतात विप्रोने २०११ पासून शाळा-महाविद्यालयांसाठी ‘अर्थियन’ नावाचा उपक्रम चालवला आहे. त्यात विद्यार्थी पाणी, जैवविविधता, कचरा यांसारख्या प्रश्नांचा आपल्याच परिसरात अभ्यास करतात.

आता हा विचार संगणकाच्या निरनिराळ्या पाठांत कसा आणता येईल, ते पाहू.

३. यंत्राचा पाठ : संगणक किती वर्षे वापरावा?

संगणकाचे भाग शिकवताना त्यांची नावे व कार्ये सांगितली जातात. त्याच वेळी ते कशापासून बनतात, हेही सांगता येईल. तारांत तांबे असते, मंडलपट्टीवर अल्प प्रमाणात सोने असते, विद्युत्‌घटात लिथियम व कोबाल्ट असते. हे सारे खाणीतून येते. शिवाय सूक्ष्म चिप घडवताना अत्यंत शुद्ध पाणी मोठ्या प्रमाणात लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार, त्या काळातील एक मेजावरचा संगणक व त्याचा १७ इंची पडदा बनवण्यासाठी सुमारे २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि १,५०० किलो पाणी लागत असे. म्हणजे सुमारे १,७६० किलो सामग्री. आता एक साधा भागाकार करू. असा संगणक ४ वर्षांनी टाकून दिला, तर दर वर्षाच्या वाट्याला ४४० किलो सामग्री येते. तोच ८ वर्षे वापरला, तर २२० किलो येते. आजच्या यंत्रांचे आकडे वेगळे असतील. परंतु या गणितातून मिळणारा बोध बदलत नाही. यंत्राचे आयुष्य वाढवणे ही बचतीची फार प्रभावी रीत आहे.

याच कारणाने दुरुस्तीचे काम करणारा कारागीर हा पर्यावरणाचा रक्षक ठरतो. धूळ साचलेला पंखा साफ करणे, स्मृतीची पट्टी वाढवणे, जुनी तबकडी काढून नवी बसवणे, ही कामे लहान वाटतात. परंतु त्यांमुळे एक संपूर्ण यंत्र भंगारात जाण्यापासून वाचते. काही वेळा यंत्र धडधाकट असते, पण त्यावरील प्रणाली जुनी ठरते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबवले. नवी प्रणाली ज्यांवर चालत नाही, असे अनेक चांगले संगणक त्यामुळे निकामी मानले जाऊ लागले. अशा यंत्रांवर ‘लिनक्स’सारखी मुक्त प्रणाली बसवून ती आणखी काही वर्षे वापरता येतात. हे कौशल्य ज्याच्याजवळ आहे, तो ग्राहकाचा पैसाही वाचवतो आणि खाणीतील खनिजही.

४. विजेचा पाठ : रिकामा चालणारा संगणक

समजा, एका प्रशिक्षण केंद्रात २० संगणक आहेत. सायंकाळी ५ वाजता वर्ग सुटतो आणि सकाळी ९ वाजता पुन्हा भरतो. या १६ तासांत सर्व संगणक चालूच राहिले आणि काम नसताना प्रत्येक संगणक ६० वॉट वीज घेत असेल, तर हिशेब असा होईल :

२० × ६० × १६ = १९,२०० वॉट-तास, म्हणजेच १९.२ युनिट.

महिन्यातील २५ रात्रींत हा खर्च ४८० युनिट होतो. आपल्या देशातील बरीचशी वीज कोळशापासून तयार होते. एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो, असे धरले तर एका केंद्राच्या निष्काळजीपणामुळे महिन्याला ३३६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. या विजेने कोणाचेही काम झालेले नसते. पडद्यावर हलणारे चित्र ठेवले की वीज वाचते, असा काहींचा समज असतो. तो चुकीचा आहे. पडदा पूर्ण बंद करणे किंवा संगणकाला निद्रावस्थेत ठेवणे, यानेच वीज वाचते.

जी गोष्ट एका केंद्राची, तीच जगाची. आपण चित्रे, पत्रे, चलचित्रे जेथे साठवतो त्या विदा-केंद्रांना ‘ढग’ म्हटले जाते. हा ढग आकाशात नसतो. तो जमिनीवरील प्रचंड इमारतींत असतो आणि त्यातील यंत्रे थंड ठेवण्यासाठी वीज व अनेक ठिकाणी पाणीही लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील विदा-केंद्रांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराचा हा सुमारे दीड टक्का होय.

५. आज्ञावलीचा पाठ : कमी श्रमांत उत्तर

चांगली आज्ञावली कोणती? अचूक उत्तर देणारी, हे तर खरेच. पण तेवढे पुरेसे नाही. कमीत कमी श्रमांत अचूक उत्तर देणारी आज्ञावली अधिक चांगली. मतदारयादीत १० लाख नावे अकारविल्हे लावलेली आहेत आणि त्यांतून एक नाव शोधायचे आहे, असे समजा. पहिल्या नावापासून एकेक नाव तपासत गेल्यास सरासरी ५ लाख नावे तपासावी लागतील. याउलट यादी मधोमध उघडून हवे असलेले नाव आधीच्या भागात आहे की नंतरच्या, हे पाहावे आणि नको असलेला अर्धा भाग सोडून द्यावा. असे पुन्हा पुन्हा केल्यास जास्तीत जास्त २० वेळा तपासून नाव सापडते किंवा ते यादीत नाही, हे निश्चित होते. शब्दकोशात शब्द शोधताना आपण थोडेफार असेच करतो.

आतापर्यंत ही पद्धत वेळ वाचवते म्हणून शिकवली जात असे. ती वीजही वाचवते, एवढे एक वाक्य शिक्षकाने जोडले, तर त्याच पाठाला नवा अर्थ येतो. आज्ञावल्या अनावश्यक भाराने फुगत गेल्या की, त्यांच्यासाठी अधिक शक्तिशाली यंत्रे घ्यावी लागतात आणि जुनी यंत्रे भंगारात जातात. म्हणून सुटसुटीत आज्ञावली लिहिणे हेही पर्यावरणाचे काम आहे.

६. ई-कचऱ्याचा पाठ : टाकलेले कोठे जाते?

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ६,२०० कोटी किलो ई-कचरा निर्माण झाला. त्यांपैकी जेमतेम २२ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. भारत हा सर्वाधिक ई-कचरा निर्माण करणाऱ्या देशांपैकी एक आहे.

उरलेला कचरा बहुधा भंगाराच्या वस्तीत जातो. तेथे तांबे मिळवण्यासाठी तारा उघड्यावर जाळतात आणि सोने मिळवण्यासाठी मंडलपट्ट्या आम्लात बुडवतात. या कामात पोट भरण्यासाठी गुंतलेल्या माणसांच्या शरीरात शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे विषारी पदार्थ जातात. शिशाचा लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर दुष्परिणाम होतो. वापरलेले आम्ल जमिनीत मुरते आणि विहिरीच्या पाण्यात उतरते. ज्यांनी संगणक कधी वापरला नाही, त्यांनाच त्याचे सर्वांत अधिक दुष्परिणाम भोगावे लागतात. हा केवळ स्वच्छतेचा नव्हे, तर न्यायाचाही प्रश्न आहे.

हे काम सुरक्षित रीतीने करता येते. बेंगळूरूजवळील दाबसपेट येथे ‘ई-परिसर’ ही संस्था २००५ पासून ई-कचऱ्यावर शास्त्रीय पद्धतीने प्रक्रिया करू लागली. ती देशातील अशा अगदी पहिल्या अधिकृत केंद्रांपैकी आहे. शासनाने ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये केले आणि ते १ मे २०१२ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२३ पासून सुधारित नियम अमलात आहेत. आपण बाजारात आणलेल्या वस्तूंचे पुनर्चक्रण घडवून आणण्याची जबाबदारी या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु नागरिकांनी जुनी यंत्रे नोंदणीकृत केंद्राकडे दिलीच नाहीत, तर नियम कागदावरच राहतील.

७. संगणक : प्रश्न आणि साधनही

संगणकाने प्रश्न निर्माण केले, तसेच प्रश्न सोडवण्याचे साधनही तोच आहे. महाराष्ट्रातील हिवरे बाजार या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती झाला, पाणी किती साठले, पिण्यासाठी व शेतीसाठी किती लागेल, हे मोजून कोणती पिके घ्यायची ते गावकरी ठरवतात. असा ताळेबंद संगणकाच्या तक्त्यात सहज मांडता येतो. तक्त्याचा पाठ शिकवताना काल्पनिक दुकानाचा जमाखर्च देण्याऐवजी आपल्या गावातील विहिरींची पातळी दिली, तर विद्यार्थी तक्ताही शिकेल आणि गावाची स्थितीही जाणेल.

हाताने काम करीत शिकण्याची ही रीत पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात रुजली. शाळा सुटलेल्या मुलामुलींना तेथे प्रत्यक्ष कामातून शिक्षण मिळते. त्यांच्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या पदविकेत ऊर्जा व पर्यावरण हा चार विभागांपैकी एक आहे आणि या पदविकेला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता मिळाली. २००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने तेथे संगणकचलित यंत्रांची प्रयोगशाळाही सुरू झाली. अद्ययावत यंत्र आणि गावाची गरज यांची सांगड कशी घालावी, याचा हा चांगला नमुना आहे.

८. बचतीची मर्यादा

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये एक निरीक्षण नोंदवले. वाफेची यंत्रे सुधारली आणि त्यांना कमी कोळसा लागू लागला. परंतु त्यामुळे ती स्वस्त पडू लागली, त्यांचा वापर वाढला आणि कोळशाचा एकूण खप घटण्याऐवजी वाढला. संगणकाबाबतही असेच घडते. साठवण स्वस्त झाली म्हणून आपण एकाच प्रसंगाची पन्नास छायाचित्रे साठवतो. तेव्हा केवळ कार्यक्षम यंत्रे पुरेशी नाहीत. ‘हे करता येईल का?’ या प्रश्नाबरोबर ‘याची गरज आहे का?’ हा प्रश्नही विचारण्याची सवय शिक्षणाने लावली पाहिजे. आनेकलच्या तळ्यांवरील नीरगंटी पाणी भरपूर असतानाही मोजूनच सोडत असे. तोच विवेक संगणकापुढे बसणाऱ्याच्या अंगी यावा, हे शाश्वत विकासाच्या शिक्षणाचे सार आहे.

तुम्ही काय शिकलात?

• संगणकाच्या निर्मितीला खनिजे, इंधन व पाणी लागते. म्हणून यंत्राचे आयुष्य वाढवणे महत्त्वाचे आहे.
• रिकामा चालणारा संगणक आणि अवजड आज्ञावली यांमुळे वीज वाया जाते.
• ई-कचऱ्याची अशास्त्रीय हाताळणी माणसाला व पाण्याला घातक ठरते.
• पर्यावरणाचा विचार स्वतंत्र विषयापुरता न ठेवता संगणकाच्या प्रत्येक पाठात यावा.
• कार्यक्षमतेला गरजेच्या विवेकाची जोड हवी.

शब्दार्थ

शाश्वत – दीर्घकाळ टिकणारे
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच
विदा – साठवलेली माहिती
पुनर्चक्रण – टाकाऊ वस्तूंतील पदार्थ पुन्हा उपयोगात आणणे
ताळेबंद – जमा व खर्च यांचा मेळ
अकारविल्हे – वर्णमालेच्या क्रमाने

स्वाध्याय

१. नीरगंटीच्या कामाचा आणि संगणकशिक्षणाचा लेखकाने जोडलेला संबंध स्पष्ट करा.
२. ‘दुरुस्ती करणारा कारागीर हा पर्यावरणाचा रक्षक आहे.’ या विधानाविषयी तुमचे मत सकारण लिहा.
३. ई-कचऱ्याचा प्रश्न हा न्यायाचाही प्रश्न आहे, असे का म्हटले आहे?
४. एका कार्यालयात १२ संगणक रात्री १४ तास विनाकारण चालू राहतात. प्रत्येक संगणक ५० वॉट वीज घेतो. एका रात्रीत किती युनिट वीज वाया जाते, ते काढा.
५. उपक्रम : तुमच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी बंद पडलेल्या विद्युत वस्तूंची यादी करा. त्यांपैकी दुरुस्त होण्याजोग्या कोणत्या आणि नोंदणीकृत केंद्राकडे देण्याजोग्या कोणत्या, अशी विभागणी करा.